पाण्यासारखा थेंब

जुन्नर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८३०. रात्र.

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर वाकडं येणार. दुपारी दुकानात गुळाची ढेप फोडताना सुरी निसटली, उजवा तळहात फाटला. हकीमचाचांनी दुकानामागच्या लिंबाखाली बसवून जखम मिटवली. कडा जुळवायच्या, काळा मुंगळा चावायला लावायचा, चावला की धड खुडून टाकायचं. डोकी राहिली तळहातात, टाक्यांसारखी. मुंगळे तिथलेच, ज्यांना मी रोज सकाळी साखर घालतो.

मी म्हणालो, चाचा, आम्हा जैनांना हे पाप. ते म्हणाले, "शेठ, लाल थेंब दिसला का तुमाला? मुंगळ्याला रगतच न्हाई. मग पाप कसलं?" खरंच, खुडलं तिथे नुसता पाण्यासारखा थेंब. मनाला पटवलं.

संध्याकाळी धाकटा भाऊ कांती आला. पुण्याला कॉलेजात शास्त्र शिकतो. म्हणाला, "दादा, तो थेंबच त्यांचं रक्त. शिरा नसतात, ते साऱ्या अंगात मोकळं हिंडतं. काळीज पाठीत, लांब नळीसारखं. डोकं गेलं तरी चालत राहतं."

चालत राहतं म्हणजे किती वेळ? लिंबाखाली जाऊन आलो, जायला नको होतं. धडं अजून उभी होती, पाय हलवत. एक सकाळच्या साखरेत शिरलं होतं. तोंड नसताना.

जेवलो नाही. मूठ वळली की वाटतं, आत काहीतरी आणखी आवळतंय.

उद्या साखर घालायची ती याच हाताने. त्यांची तोंडं याच हातात आहेत.