शनिवारची सफाई

सुदामा नगर, इंदूर
५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मोहनदादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोहोचला असेल. चकल्या मोडल्या असतील तर कुरियरवाल्याला बोल, मला नको. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तू नुसता हसतोस, तेव्हा आपलं पत्रच बरं.

कस्तुरीची मला फार काळजी लागली आहे. गणपतीपासून तिचे गुण घसरतच चाललेत. ज्या मुलीचे छर्रे एकामागून एक त्याच भोकातून जायचे, तिचा एक इकडे लागतो तर दुसरा तिकडे. तिचे कोच उदयसिंह सर म्हणतात की रायफल बढ़िया है, दिक्कत बच्ची के दिमाग में है. तिनं ते मनाला लावून घेतलंय. जेवताना स्वतःचा उजवा हात बघत बसते. परवा म्हणाली, एक डिसेंबरच्या राज्य निवड चाचणीत नाव आलं नाही तर रायफल कायमची ठेवून देणार, मतलब बस, खतम. एकोणीस वर्षांच्या पोरीनं असं बोलावं का रे? तू एनसीसीत एवढी वर्षं पोरांना नेम धरायला शिकवलंस. भाचीला दोन शब्द लिही.

ह्यांची तब्येत बरी आहे. बायपासनंतर नोकरी सुटली ती सुटलीच, पण रिकामे बसत नाहीत. दर शनिवारी लेकीची रायफल घासूनपुसून लख्ख करून ठेवतात, रविवारच्या सामन्यासाठी. तेवढा तास शीळ घालतात.

वहिनीस नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शोभना


धुळे
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शोभनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चकल्यांचा चुराच आला. चहात बुडवून खाल्ला, वाया घालवला नाही.

कस्तुरीला लिहायला बसलो आणि तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळींपाशी अडकलो. दर शनिवारी? अगं, एअर रायफलची नळी म्हणजे इंदूरचा रस्ता नव्हे, सारखी झाडायला! छर्रा शिशाचा, मऊ असतो. जाता जाता तो नळीत शिशाचा अगदी पातळ थर सोडतो आणि त्या थरावरून पुढचे छर्रे एकसारखे सरकतात. नळी पुसली की थर गेला. मग पुन्हा तीस-चाळीस छर्रे सोडल्याशिवाय ती ताळ्यावर येत नाही. म्हणून जाणकार माणूस नेम बिघडायला लागल्यावरच नळी साफ करतो, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तर मुळीच नाही. आमची पोर दर रविवारी जणू नव्याच नळीनं खेळतेय.

पण मला भीती वाटते ती वेगळीच. जयेशराव कशानं साफ करतात? लोखंडाची काडी पुढच्या तोंडातून घालत असतील तर तोंडाची कड खरवडते. छर्रा बाहेर पडताना शेवटचा त्या कडेलाच शिवतो. तिथे बारीकसा ओरखडा असला तरी हात कितीही स्थिर ठेवा, नेम लागायचा नाही. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री कर आणि कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या कडेवरून गोल फिरव. कापूस अडकला नाही तर आपण सुटलो.

लगेच कळव, मला चैन नाही. तुम्हां सर्वांना आमची दोघांची आठवण.

मोहन


इंदूर
१३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, कापूस अडकला.

हे छत्रीबागेत चुलतभावाकडे गेले होते आणि कस्तुरी कॉलेजात. रायफल रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं आणि कापूस कडेवरून फिरवला. एका जागी कापसाचे तंतू धरले गेले. पुन्हा फिरवला तर पुन्हा तिथेच. मग ह्यांचा खण उघडला. जुन्या छत्रीची तार सरळ करून, टोकाला मलमलची चिंधी बांधून ह्यांनी काडी बनवली आहे. पुढूनच घालतात, ते मी कितीदा डोळ्यांनी पाहिलंय. मला वाटायचं, किती निगुतीनं करतात!

आता सांगू कुणाला? कस्तुरीला सांगावं तर ती बापाचं तोंड बघायची नाही. ह्यांना सांगावं तर डॉक्टरांनी ताण नको म्हणून बजावलंय. घरी बसल्यापासून काहीतरी काम धरून ठेवायची ह्यांची धडपड चाललेली असते. कचऱ्याची गाडी यायच्या आत ओला-सुका स्वतः वेगळा करतात, मला हात लावू देत नाहीत. त्यातला हा शनिवारचा तास सगळ्यांत लाडका, तोच काढून घेऊ?

ती तार मी डाळीच्या डब्यामागे लपवली आहे. शनिवारी शोधतील, मिळाली नाही तर दुसरी करतील. चाचणी होईपर्यंत गप्प बसावं असं वाटतं, आणि कस्तुरी हाताकडे बघायला लागली की जीव तुटतो. माझं चुकतंय का? मला घाबरटच म्हण, पण काहीतरी सांग.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
शोभना


धुळे
१७ नोव्हेंबर २०२४

श्री. जयेशराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र शोभनाला न विचारता लिहीत आहे. तिच्यावर रागावू नका. माझ्यावर खुशाल ओरडा, मला ऐकू येणार नाही.

कस्तुरीच्या हातात काही बिघाड नाही. नळी बिघडली आहे, आणि ती तुमच्या सफाईनं बिघडली आहे. गोड शब्दांत लिहून पाहिलं, जमलं नाही. लोखंडी तारेनं नळीच्या तोंडाला ओरखडा पडलाय आणि दर आठवड्याच्या पुसण्यानं तिचा आतला थर टिकत नाही. तुम्ही हे मायेनं केलंत, म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

तुमच्या छातीची काळजी मलाही आहे. पण पोरगी आपल्या चांगल्या हाताला दोष देत रायफल सोडायला निघाली आहे, आणि हे तिला तुमच्याच तोंडून कळायला हवं. महूला माझ्या ओळखीचे देवेंद्र म्हणून आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे, आहेत. ते तोंडाची कड पुन्हा नीट करून देतील. पुढे कधी नळी साफ करायची वेळ आलीच, तर दोरीला फडकं बांधून मागून पुढे ओढायचं, घासायचं नाही.

आधी पाणी प्या, मग खुर्चीवरून उठा. आपला स्नेह या पत्रानं कमी होऊ नये, एवढीच विनंती.

आपला,
मोहन


इंदूर
२ डिसेंबर २०२४

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, चुका पोटात घाल.

तुझं पत्र हातात घेऊन बाबांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं आणि सगळं स्वतःच सांगितलं. सच्ची सांगते मामा, मला भयंकर राग आला. तीन महिने मी माझ्याच हातावर रडत होते! दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही. आई एकदा माझ्या दाराशी यायची, एकदा त्यांच्या. मग बाबा एकटेच रायफलची पेटी घेऊन महूला निघाले. त्यांनी वजन उचलायचं नाही म्हणून मी मागोमाग धावले आणि पेटी हातातून काढून घेतली. बसमध्येही आम्ही बोललो नाही.

देवेंद्रकाकांनी कड ठीक करून दिली आणि मला छर्रे सोडायला लावले. सुरुवातीला इकडेतिकडे गेले, मग हळूहळू एका जागी यायला लागले. मी मागे वळून पाहिलं तर बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. परत येताना मीच बोलायला सुरुवात केली.

काल चाचणी झाली. बाबा मागे बसले होते, हात मांड्यांखाली दाबून. उदयसिंह सरांनी त्यांना इंदुरी थाटात सांगितलं की भिया, साँस तो लो. पहिल्या तिघींना घेतलं. मी चौथी आले.

आईनं फलकावरचे गुण दोनदा मोजून पाहिले. रेंजच्या फाटकापाशी बाबांनी हळूच विचारलं की आता खरंच सोडणार का. मी त्यांना म्हटलं, माझे चार छर्रे खराब गेले, आणि चारही सुटल्या सुटल्या मला कळलं होतं की कुठे चुकलं. दोनदा घाई केली, एकदा श्वास धरला नाही, एकदा तिसऱ्या मुलीचा स्कोअर बघितला. हे सगळं मला शिकता येईल. तीन महिन्यांत पहिल्यांदा चूक माझी होती, मग सोडू कशाला?

बाबा तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले. आई इतकी घाबरली की तिनं डॉक्टरांना फोन लावला, आणि डॉक्टरांनी काय झालं विचारलं तर तिला काही सांगताच येईना.

मामीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी,
कस्तुरी