गार घराचा आकडा

खोडाळ्याच्या पुढचा पाडा,
१४ मे

तीर्थस्वरूप सुदर्शन दाजी यांना रूपेशचा शिरसाष्टांग नमस्कार. तालुक्याच्या कचेरीत पंख्याखाली तुमची तब्येत ठीक असेलच. इकडे आई, मी, शेळ्या आणि चार दिवसांपासून माहेरी आलेली राहीताई (म्हणजे तुमचीच मंडळी) सुखरूप आहोत. घाई असल्याने हे पत्र तुकाच्या जीपने पाठवतोय.

पत्रास कारण की, तुमच्या कचेरीच्या ‘गार छप्पर’ योजनेतून आमच्या घरकुलाच्या स्लॅबला पांढरा रंग लागला. विजेशिवाय घर थंड ठेवायचं, असं धोरण आहे. (वीज दुपारी तशीही नसते, त्यामुळे निम्मं धोरण आम्ही आधीपासूनच पाळतो.) तुमच्या साहेबांनी घरकुलाच्या भिंतीला तापमापक टांगला आणि महिनाभर रोज दुपारी दोनचा आकडा वहीत लिहायला सांगितला. पहिल्या दिवशी एक्केचाळीस. आईला दया आली. “सरकारी पाव्हणा हाय, भट्टीत कशाला कोंडायचा?” असं बोलून तिने तो उचलला आणि शेजारच्या आमच्या जुन्या घरात, पाण्याच्या माठावर टांगला. कारवीचा कूड, त्याला शेणमातीचा लेप, वर पेंढा; आजोबांपासून त्या घरात दुपारी कुणाला घाम आलेला नाही. मी इमानदारीने आकडे लिहीत गेलो. तीस, एकोणतीस, तीस. तापमापक कुठे आहे, असा रकाना वहीत नव्हता.

वही पाहून साहेब इतके खूश झाले की आमचं घरकुल तालुक्यातलं सगळ्यात गार ठरलं. सत्कारात मला नारळ मिळाला, आईला शाल (मे महिन्यात). आणि काल पत्र आलं. घरकुल उत्तम गार असल्याने जुन्या कच्च्या घराची गरज उरलेली नाही, सबब ते मंगळवारी पाडावं. त्याच दिवशी चाळीस पाहुणे घरकुल पाहायला येतील. दाजी, वाचून मला रडू आलं. आई त्याच घरात नांदायला आली, आणि घरकुलात ती एक दुपारही टिकत नाही. खरं सांगावं तर वही खोटी ठरते, आणि शाल तर घेऊन बसलोय.

आईने मात्र चाळीस जणांच्या भाकरीसाठी नागली दळून आणली. एवढ्यांना बसवणार कुठे, असं विचारलं तर बोलली, “कुडाच्या घरात. घरकुलात घास उतरल का त्यांना?”

बाकी सगळं थंड. लोभ तापू देऊ नये.

आपला मेहुणा,
रूपेश

ता. क. पाडायच्या पत्राखाली सही साहेबांची असली तरी अक्षर तुमचं आहे, हे राहीताईने पाहताक्षणी ओळखलं.

ता. क. ताई आज परत निघणार होती. आता ती कुडाच्या घरात माठाशेजारी बसली आहे आणि मंगळवारीही तिथेच बसणार आहे. पाडायला तुम्ही स्वतः यावं, असा तिचा निरोप. ते जमत नसेल तर त्याच अक्षरात दुसरं पत्र लिहावं. शाल तुकाबरोबर पाठवली आहे.