बाबूरावांच्या शेळ्यांचे ढेकर

मंगळवार, दिवेलागण. नेकनूर.

आज पशुगणना अडली ती शेळ्या राखणाऱ्या बाबूरावांपाशी. "किती हायत?" विचारलं तर म्हणे, "हायत धा-वीस. तोंडानं आकडा सांगितला की नजर लागती, बाई."

मी समजावलं, शेळ्यांच्या ढेकरातून गॅस हवेत जातो, देशाच्या प्रदूषणाच्या हिशोबात तो आपल्या आकड्यावरूनच धरतात. म्हातारा लई हसला. "माज्या शेळ्यांचे ढेकर दिल्लीला?"

मग त्यांनीच ओंजळभर चिंचोके दिले आणि गोठ्याचं फाटक अर्धं उघडलं. रानातून आलेली एकेक शेळी आत शिरली, की मी मुकाट्यानं एक चिंचोका पिशवीत टाकायचे. धा-वीस कसल्या! चिडायला हवं होतं का? हसूच आलं.

चिंचोके अजून पिशवीतच आहेत. मोबाइलवर खरा आकडा भरला. इथं मात्र लिहीत नाही. उगीच नजर लागायची.