शाळेच्या खिडकीमागची नऊ फूट जागा

मी, कौशल्या सूर्यभान मेहरे, वय शहात्तरच्या आसपास (जन्मले तेव्हा घरात तारीख लिहून ठेवणारे कोणी नव्हते), धंदा भाजीपाला पिकवणे व दर्यापूरच्या बाजारात विकणे, माहेर तेल्हाऱ्याचे, राहणार मौजे बेलगव्हाण, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय सांगत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सुनेने तो फ्रेम करून लावावा.

मला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून मी सांगते आणि माझी धाकटी जाऊ रुख्मिणी, निवृत्त शिक्षिका, लिहिते. वकिलांनी बजावले की ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याच्या हातून तो लिहवू नये, पुढे भांडणे होतात. तेव्हा रुख्मिणीला यातून सुईसुद्धा मिळणार नाही. लिहायला बसवायचे म्हणून तिला वगळले, की वगळायचे म्हणून लिहायला बसवले, हे तिने घरी जाऊन शोधावे. शिकलेली आहे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व ओसरी, मुलगा गजेंद्र व सून आरती यांचे. आरतीने माझ्या मागे ओसरीवरची बाज विकू नये. ती कुरकुरते, पण मीही कुरकुरत होते आणि मला कोणी विकले नाही.

कलम २. वावर अडीच एकर, विहिरीसह. विहिरीकडचा एक एकर मुलगी शालू हिला, जी तिवस्याला दिली आहे. बाकी दीड गजेंद्रला. गजेंद्र म्हणेल, "माय, पोरीले वावर कायले?" त्याला उत्तर असे की त्या एकरात तिने निंदले आहे. तू निंदायच्या वेळी नेमका शाळेत असायचास, रुख्मिणीच्या.

कलम ३. तराजू, वजने आणि सोन्याची एकदाणी नात वर्षाली हिला. पोस्टातले पुस्तकही तिचेच, ते तिच्या शिक्षणाला लावावे. विळा ज्याला धार लावता येईल त्याला.

कलम ४. आता खरे कलम. शाळेच्या मागे, चौथीच्या खोलीच्या भिंतीला लागून, माझ्या नावाची नऊ फूट रुंद जागा आहे. त्या भिंतीला एकच खिडकी, आणि ती माझ्या अंगणाकडे उघडते.

रुख्मिणी या घरात आली ती डी.एड. होऊन. वर्षभरात तिला याच शाळेत नोकरी लागली, आणि खोली मिळाली नेमकी ही. मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसे, हात चिखलाने भरलेले. खिडकीतून ती दिसे. कडक इस्त्रीचे पातळ, पदराला कधी डाग नाही, आणि चाळीस पोरे एका तालात "बाई, बाई" करून राहिलेली. माझी सासू बाजारातून येताना आधी त्या खिडकीशी थांबे आणि म्हणे, "आमची धाकटी शिकवून राहिली." मोठीने पहाटेपासून तीन पाट्या भाजी विकली, हे कोणत्या खिडकीतून दिसणार होते?

तेही गिळले असते. पण गजेंद्र चौथीत गेला. घरी येऊन माझ्या तोंडावर म्हणायचा, "तसं नाई माय, बाईनं असं सांगतलं." भाकर कशी मोडायची तेही बाईनेच सांगितलेले. ताप आला तर झोपेत "बाई" म्हणाला. मी त्याच्या कपाळावर घडी ठेवत होते.

त्या उन्हाळ्यात कपाशी उपटली आणि वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे मी दरवर्षीसारखे गोठ्याकडे न नेता शाळेच्या भिंतीला लावले. खिडकीच्या वरपर्यंत. जागा माझी, जळण माझे, कोण बोलणार? पुढच्या वर्षी पुन्हा. घरात गॅस आला तरी गंजी तिथेच. स्वयंपाक गॅसवर, पऱ्हाट्या खिडकीवर.

येथे रुख्मिणीने लेखणी थांबवली. म्हणाली, "जाऊबाई, हे मृत्युपत्रात येत नाई."

मी म्हटले, "येते. तू फक्त लिहत जाय. चाळीस वर्षं बोललीस, आता ऐक."

भिंतीच्या या बाजूला बसून मी एक गोष्ट शिकले. खोली बदलली की बाई बदलते. आधी ती वर्गात फिरून शिकवायची, आवाज कधी जवळ कधी लांब यायचा, मधूनच पोरे हसायची. गंजी लागल्यावर आवाज दाराशी येऊन थांबला, कारण उजेड तेवढाच होता. फळा दिसेना, म्हणून ती सगळे मोठ्याने म्हणवून घेऊ लागली. हसणे कमी झाले, ओरडणे वाढले. त्या खोलीतून निघालेली गावातली पोरे पाढ्यात पक्की आणि अक्षरात कच्ची आहेत. पाढे अंधारात येतात, अक्षर येत नाही. उन्हाळ्यात टिनाखाली वारा नसे तेव्हा दुपारची अर्धी पोरे पेंगत. "कौशल्याबाईच्या जावेच्या वर्गात पोरं झोपतात" असे गावात कोणी म्हटले की मला रात्रीचे जेवण गोड लागे. हेही लिही.

दोन वर्षांमागे म्हाताऱ्यांना शिकवायचा सरकारी वर्ग निघाला. शिकवणार रुख्मिणी, जागा तीच खोली, वेळ दुपारी चारची. मी जाणार नव्हते. पण आमची शेजारीण तिथे सही शिकली आणि ती सही दाखवायला दारोदार फिरली, तेव्हा मीही गेले. मला खिडकीशी मानाची जागा मिळाली. लाइन गेलेली. रुख्मिणी फळ्यावर काही काढत होती आणि बाकीच्या बाया ते म्हणत होत्या. मला फळ्याच्या जागी नुसते काळे दिसत होते. विचारायला तोंड उघडले नाही. तिला विचारायचे? "डोळ्याने दिसते पण डोक्यात दगड आहे," असे घरी सांगून मी दुसऱ्या दिवशी मेथी बांधायला बसले. तेव्हापासून तेच खरे धरून चालले.

आता वर्षाली चौथीत आहे. बाई नव्या, खोली तीच. दिवाळीनंतर शाळेतून चिठ्ठी आली की पोरगी मागे पडते, वहीत चुकीचे उतरवते. आरती तिला अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, मीही गेले. डॉक्टरांनी सगळे तपासले आणि म्हणाले, डोळे एकदम चांगले. मग पोरीला विचारले, "वर्गात कुठे बसतेस?"

"खिडकीजवळ."

"मग तर भरपूर उजेड असेल."

"नाई," ती म्हणाली, "खिडकीत आजीच्या पऱ्हाट्या हायत."

आरतीने माझ्याकडे पाहिले नाही, एवढे उपकार मी तिचे मानते. येताना पूर्ण रस्ताभर मी एसटीच्या खिडकीबाहेर पाहत बसले आणि मला एकेक कळत गेले. पोरीचे डोळे चांगले होते. म्हणजे माझ्या डोक्यातही दगड नव्हता. मी माझ्याच गंजीच्या सावलीत जाऊन बसले होते.

कलम ५. गजेंद्रला त्या नऊ फुटांत टिनाचे गोदाम बांधून खत-बियाण्याचे दुकान काढायचे आहे. गंजी निदान हलवता येते, विटांची भिंत हलत नाही. म्हणून ही जागा मी ग्रामपंचायतीला शाळेसाठी देते. अट अशी: तिथे भिंत, टिन, गोठा, गंजी काही येऊ नये. झेंडू लावावा, पण गुडघ्याच्या वर जाणारे काही नको. गजेंद्रने अडथळा आणला तर कलम दोनमधला त्याचा दीड एकरही शालूला जाईल. बेटा, मी तुझी माय आहे, बाई नाही. माझे ऐकलेच पाहिजे.

मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, वर्षालीची परीक्षा त्याआधी आहे. तेव्हा गंजी उद्या सोमवारी शाळा भरायच्या आत निघेल.

कलम ६. त्या जागेवर पाटी लावू नये. माझ्या नावाची लावली तर मला वाचता येणार नाही, आणि रुख्मिणीच्या नावाची लावली तर ती रोज येऊन वाचेल.

कलम ७. अंगठ्याऐवजी सही शिकवते, असे रुख्मिणी आज सकाळी म्हणाली. नको. उद्या गावभर सांगेल, मीच शिकवली.

हा कागद चौथीच्या खोलीत, टेबल दाराशी ओढून लिहिला, कारण आत अजून दिसत नाही.

लेखनिकाचे निवेदन: वरील मजकूर कौशल्याबाईंनी सांगितला तसाच मी लिहिला व त्यांना वाचून दाखवला. त्यांच्या संमतीने पुढील ओळी जोडते. गंजी तिथे का आली, हे मला पहिल्याच वर्षी समजले होते. मला मूलबाळ झाले नाही. शिकवताना त्या खिडकीतून मला त्यांचे अंगण दिसे. गजेंद्र आणि शालू त्यांच्या पाठीवर लोंबकळत, त्या चिखलाच्या हातांनी त्यांना ढकलत आणि हसत. खिडकी बुजली तेव्हा मुलांना दिसेना, आणि मला बरे वाटले. म्हणून चाळीस वर्षांत मी एकदाही "पऱ्हाट्या सरकवा" म्हटले नाही. मोठ्यांच्या वर्गात त्यांना खिडकीशी मीच बसवले. वाटले, आता तरी अंधार आहे म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारले नाही.

हेही मी कौशल्याबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मले वाटत होतं मीच एकटी अशी हावो. राहू दे, खोडू नको."

सौ. रुख्मिणी देवराव मेहरे, लेखनिक (सही)

साक्षीदार:
१. नत्थुजी गावंडे, निवृत्त पोस्टमन, बेलगव्हाण (सही)
२. कुंदन तायडे, पिठाची गिरणी, बेलगव्हाण (सही)

मृत्युपत्र करणार: कौशल्या सूर्यभान मेहरे, डाव्या हाताचा अंगठा

ठिकाण: मौजे बेलगव्हाण, ता. दर्यापूर
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार

ता. क. अंगठ्याची शाई कौशल्याबाईंनी न विचारता माझ्या इस्त्रीच्या पदराला पुसली. दोन्ही साक्षीदारांनी पाहिले आहे. पदर मी धुणार नाही.
रु. दे. मेहरे