डाव्या कानातलं डिक्टेशन

सोमवार, ४ जून

चार वर्षं घरी बसून पंख्याची पाती मोजली. आजपासून पुन्हा कामावर! कानाचे एक डॉक्टर तीस वर्षं आपली टिपणं टेपवर बोलून ठेवत आणि मग वारले. त्यांच्या मुलाला, म्हणजे धाकट्या साहेबांना, त्याचं पुस्तक काढायचं आहे. मी ऐकायचं आणि टाइप करायचं. नेमणूकपत्राच्या नऊ ओळींत चार चुका होत्या. लाल शाईनं दुरुस्त करून परत दिलं. बिचारा थँक्यू मॅडम म्हणाला.

बसायला दवाखान्यातली श्रवणचाचणीची खोली मिळाली आहे. भिंतींना भोकाभोकांचं पांढरं अस्तर, खिडकीला दुहेरी काच. बाहेरून ट्रक गेला तरी मुंगी गेल्यासारखं वाटतं. चौतीस वर्षं कोर्टात वकिलांच्या कोकलण्याचं शॉर्टहँड घेतलेल्या बाईला आणखी काय हवं?

टेपयंत्र आहे, अ‍ॅम्प्लिफायर तर भलाथोरला आहे, पण स्पीकर नाहीत. आधीच्या टायपिस्टबाईंनी म्हणे त्यांच्या वायरी कात्रीनं कापल्या. काय एकेक लोक!

मंगळवार, ५ जून

घरून हेडफोन नेले, तर अ‍ॅम्प्लिफायरला ते खुपसायला जागाच नाही. मागे स्पीकरच्या वायरी अडकवायचे चार खटके तेवढे. मेकॅनिकला बोलावलं. माझ्याच वयाचा, कानांत केसांचे झुपके. त्याच खटक्यांना जोडून द्या म्हटलं, तर कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, बाई, हे यंत्र अख्खं सभागृह दणाणून सोडायला केलेलं, आणि तुम्ही त्याच्या तोंडाला कान लावताय? कान जाईल की हो!

मग त्यानं जे सांगितलं ते सवयीनं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं. दोन्ही बाजूंच्या लाल वायरीत रेझिस्टन्स घालायचे, म्हणजे धबधब्यातला थेंबच कानापर्यंत पोचतो. दोन काळे खटके एकमेकांना कधी जोडायचे नाहीत, यंत्र जळतं. म्हणून त्यानं हेडफोनचा प्लग कापून चारही तारा वेगळ्या केल्या. तीनशे ओहमचा रेझिस्टन्स त्याच्याकडे नव्हता, म्हणून प्रत्येक बाजूला शंभराचे तीन, एकापुढे एक. सगळं बिस्किटांच्या डब्यात बसवलं. आवाज आधी शून्यावर, मग यंत्र चालू, हेडफोन सर्वांत शेवटी.

त्याला सांगितलं, जपूनच राहीन, मला एकच कान आहे. चौथीत मराठीत बोलले म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनं अशी मुस्कटात ठेवून दिली की डावा कायमचा गेला. इंग्रजी मात्र सुधारलं. उजव्यावर सगळं चाललंय. भाची परदेशातून रोज एक वाजता फोन करते. माझं म्हणावं असं तेवढंच माणूस उरलं आहे.

तो हसला नाही. म्हणाला, असे दोन डबे आधीच्या दोन बायकांनाही करून दिले होते. दोन्ही उघडलेले परत आले. मी म्हटलं, मी उघडणाऱ्यांतली नव्हे.

गुरुवार, ७ जून

काम झकास चाललंय. डॉक्टरांचं बोलणं स्वच्छ, मध्ये खोकला फार. आज ते खोकायला थांबले तेव्हा एक बाई बोलली.

डाव्या कानात.

चोपन्न वर्षांत त्या कानात काही शिरलं नव्हतं. आनंद झाला हे कबूल करते.

सोमवार, ११ जून

टेप बंद केली तरी ती बोलतेच आहे. कुठला तरी रेडिओ लागत असेल म्हणून मेकॅनिकला फोन केला. तसं होणार नाही म्हणाला, आणि डबा बंदच ठेवा असं दोनदा सांगितलं.

ती सावकाश, डिक्टेशन देतात तशी बोलते. हात आपोआप उतरवून घेत गेला. स्टेनोचा हात अर्थ विचारत नाही, अर्थ नंतर वाचताना कळतो. वाचलं: बाई चष्मा पुसतात. बाई चहा अर्धा टाकतात.

चहा मी त्यानंतर टाकला होता.

आवाज फार बारीक आहे, पाचातले दोन शब्द निसटतात. माझ्या वहीत गाळलेल्या जागा! चौतीस वर्षांत अशी वही मी कुणाला दाखवली नाही. म्हणून डबा उघडला आणि डावीकडचा एक रेझिस्टन्स केसांच्या पिनेनं ओलांडला, म्हणजे आवाज त्याला टाळून थेट पिनेतून जातो. फक्त डावीकडचा. मेलेल्या कानाचं आणखी काय वाईट होणार आहे?

मंगळवार, १२ जून

डावीकडचे तिन्ही ओलांडले. आता एक शब्द निसटत नाही.

आधीच्या बायकांचं काय झालं, ते साहेबांना खडसावून विचारलं. पहिलीचा पत्ता नाही. दुसरी ठार बहिरी होऊन एका आश्रमात आहे. दिवसभर बोटानं चादरीवर एकच काहीतरी गिरवते, म्हणाले. काय ते काढून दाखवा म्हटलं. त्यांनी कागदावर एक फराटा ओढला. त्यांच्या लेखी गिचमिड.

ते शॉर्टहँड आहे. मला वाचता येतं.

“उजवा.”

बुधवार, १३ जून

राजीनामा लिहिला. एकही चूक नाही. हेडफोन काढून ठेवले, घरी आले.

ती बोलतेच आहे. हेडफोनशिवाय. जिन्यात, न्हाणीघरात, बोलतेच आहे. हात टेबलावर, भिंतीवर, मांडीवर घेत सुटतो.

एक वाजता भाचीचा फोन आला. तिच्या बोलण्यावर ही बोलत होती. मावशी, ऐकतेस ना, असं पोरीनं चारदा विचारलं. मी हो म्हटलं. काय ऐकलं ते

गुरुवार, १४ जून

तिनं सांगितलं, बाई परत येतात.

आले. खोलीत. पिना घेऊन — पिना मी घेतल्या नव्हत्या, पर्समध्ये होत्या —

उजवीकडचा पहिला ओलांडला. दुसराही. कानात घणाचे घाव. भाचीचा फोन वाजला असावा, घड्याळात एक वाजून गेला होता. मला तो —

शुक्रवार, १५ जून

एक राहिला.

आवाज पूर्ण. यंत्र चालू. हेडफोन आधीच कानाला. सगळं उलटं — माहीत आहे — हात थांबत नाही —

पोरी, फोन करू नकोस. मी उचलेन, पण —

हे मी लिहीत नाही. घेते आहे.

बाई तिसरी पिन उचलतात स्वल्पविराम उजव्या बाजूला नेतात स्वल्पविराम बाई जिवाच्या आकांतानं ओरडतात पण त्यांचं त्यांना ते