तारा दिसणारच

प्रिय आई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, उगाच काळजी करू नकोस.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुळा फार फिरलाय, पारदर्शक साच्यांनी नीट वळणार नाही. ताराच लावा." मी लावल्या. तर आमच्या हॉटेलचा मॅनेजर म्हणतो, "न दिसणारे साचे लावा, नाहीतर काउंटर सोडून चादरींच्या खोलीत बसा. पाहुण्यांना कसं दिसतं ते!"

अस्सा संताप आला! "दात माझे आहेत," म्हटलं आणि काउंटरवरून हलले नाही. उद्या मोठ्या साहेबांनी बोलावलंय. बघू.

हिरड्या ठणकतात, पण जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आणि खरं सांग, हसताना तोंडावर हात धरायला तुला कोणी शिकवलं? मला त्याचाही राग येतोय.

तुझी,
तारांसकट हसणारी