गॅसच्या गाडीला डिकी नसते

४ नोव्हेंबर, देवास

राजवर्धनचा पुन्हा फोन. पोटचा पोर बंगलोरला बसून माझ्या गाडीचं पोट मोजतो! "आईसाहेब, तुमची गाडी पेट्रोल पीती है. सीएनजी घ्या. सिंपल कॅल्क्युलेशन आहे यार."

मी तुझी यार नाही, म्हटलं.

कॅल्क्युलेशन म्हणे! केलं. वर्षाला पाच हजार किलोमीटर. महिन्यातून दोनदा धार, बाकी भाजी आणि बँक. नव्या गाडीनं वर्षाचे फार तर चोवीस हजार वाचतील. जुनी देऊन वर घालायचे सात लाख. म्हणजे फायदा सुरू व्हायला एकोणतीस वर्षं. तेव्हा मी सत्त्याण्णवची असेन! कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी पट्टी मारून भागाकार शिकवला, तो असा कामी येतोय.

आणि नव्या गाडीबरोबर ड्रायव्हरही येणार. "या वयात हायवे नको." खरं दुखणं हे.

५ नोव्हेंबर

आज म्हणाला, "तुम्ही ॲव्हरेज पंधरा धरलंय. दहा देत असेल. मोजा एकदा. तेराच्या खाली आलं तर विकायची. प्रॉमिस?"

रागाच्या भरात हो म्हणून बसले. मूर्ख बाई!

संध्याकाळी धारला अक्कासाहेबांना फोनवर सगळं ऐकवलं. मला वाटलं थोरली बहीण माझी बाजू घेईल. त्यांचं भलतंच — "गॅसच्या गाडीला डिकी नसते म्हणे? टाकीच बसवतात तिथे?" हो, म्हटलं. मग, "या शनिवारीच ये."

८ नोव्हेंबर, धार

देवासच्या पंपावर टाकी फुल्ल. पोऱ्या म्हणतो, "मैडम, राउंड कर दूँ?" खबरदार, म्हटलं, ऑटो-कटच्या पुढे एक थेंब नको! माळव्यात सुटे पैसे कुणाला सोसतच नाहीत.

धारला पोचून पुन्हा फुल्ल. पंधरा पूर्णांक चार! राजवर्धनला लगेच कळवलं. "येतानाचं पण बघा" — एवढंच उत्तर.

अक्कासाहेब वाळल्यात. दोन घास खाऊन ताट सारलं. विचारलं तर, "शनिवार आहे." त्यांचे शनिवारचे उपास मी काय आज पाहते?

९ नोव्हेंबर, देवास

माहेरवाशिणीची गाडी रिकामी गेलेली अक्कासाहेबांना चालत नाही. नेहमी थोडे गहू, लसूण, तुपाचा डबा. आज भाडेकरू आणि त्याचा मेहुणा पोत्यामागून पोतं आणतायत. डिकी भरली, मागची सीट भरली. "गहू आहेत, वर्षाचे." मी एकटी किती पोळ्या खाणार? "वाद घालू नकोस." दारात उभ्या राहून गाडीवरून हात फिरवला.

वाटेत प्रत्येक स्पीडब्रेकरला बूड घासलं. देवासला पेट्रोल भरलं. बारा पूर्णांक सहा.

तीनदा भागाकार केला. बारा पूर्णांक सहा!

"देखा आईसाहेब? इंजिन गया." मंगळवारी दलाल येतोय. शब्द दिलाय, मोडणार कशी?

१० नोव्हेंबर

तोच रस्ता, तोच हात, तोच वेग. इंजिन एका रात्रीत कसं जाईल? वजन! पोती तोलून राजवर्धनच्या तोंडावर मारते म्हणून पहिल्याची सुतळी कापली.

गहू नाहीत. तांब्याचं घंगाळ. दुसऱ्यात समया, आईची परात. तिसऱ्यात पैठणी, तिच्या घडीत डांबरगोळ्या. मागच्या सीटवरच्या पोत्यात, आईच्या नऊवारीत गुंडाळलेले — देव्हाऱ्यातले टाक. खंडोबा, भवानी, सगळे.

टाक उजळायचे तर अक्कासाहेब सोनाराला घरी बोलावतात. देव उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत!

फोन केला. आधी "कसले देव?" मग म्हणाल्या, "तुझ्या नव्या गाडीत मावलं नसतं. म्हणून एकदमच पाठवलं."

का पण?

"अठराला इंदूरला ऑपरेशन आहे. डॉक्टर काही धड बोलत नाहीत. तू गडबड करू नकोस. आणि नैवेद्य सोवळ्यातच दाखव, तुझ्या कॉन्व्हेंटच्या पद्धतीनं नको."

११ नोव्हेंबर

दलालाला फाटकातूनच परत पाठवलं. राजवर्धन म्हणाला, "प्रॉमिसचं काय?" मोडलं, म्हटलं.

पोती पुन्हा भरली. सगळी. देव पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. अक्कासाहेब फोनवर ओरडत होत्या, "परत कशाला आणतेस?" म्हटलं, ऑपरेशन करून घरी आल्यावर तुम्ही पूजा कुणाची करणार?

निघते. बाराचं ॲव्हरेज चालेल.